बॉनेटखालचे कुलूप

मोटार कोठे बिघडावी, हे मालकाच्या हाती नसते. पुण्यात बिघडली तर कंपनीचे सेवाकेंद्र चार चौक सोडून सापडते. नांदेडहून लातूरला निघालेल्याची गाडी लोहा ओलांडल्यावर किंवा अहमदपूरच्या अलीकडे रुसली, तर रस्त्याकडेच्या गॅरेजातला मिस्त्री हाच आधार. हा मिस्त्री आजही आहे, त्याचे पाने-पकडीही आहेत. मात्र समोर उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला असतो आणि तो का लागला, हे त्याला कळेलच अशी हमी उरलेली नाही.

मराठवाड्याचे रस्ते अनेक वर्षे साध्या यंत्रांनी चालवले. पुढाऱ्यांची व अधिकाऱ्यांची अ‍ॅम्बॅसॅडर, डॉक्टर-वकिलांची पद्मिनी, आणि एसटी जेथे दिवसातून एकदा जाई तेथे माणसे कोंबून जाणारी काळी-पिवळी जीप. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० त्या मानाने आधुनिक. तरी तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिनही सामान्य गॅरेजात उतरवता येई. कार्बोरेटर खोलावा, जेट फुंकून साफ करावे, पॉइंट घासावेत, प्लग बदलावा. निदान कानाने होई. पोरवयात गॅरेजात आलेला मुलगा दहा वर्षांत ‘उस्ताद’ होई, तो याच विद्येवर.

या आठवणींत गहिवरण्याचे मात्र कारण नाही. त्या गाड्या सारख्या बिघडत, म्हणून तर त्यांची दुरुस्ती इतक्या जणांना येत असे. मे महिन्यात रेडिएटर उकळणे, पेट्रोलची वाफ नळीत अडकली की इंजिनावरच्या पंपाला ओले फडके गुंडाळून झाडाखाली बसणे, हा प्रवासाचाच भाग मानला जाई. धुराचा हिशेब कोणी ठेवत नव्हते आणि सुरक्षेचा तर नव्हताच.

कार्बोरेटर गेला तो कोणा अभियंत्याच्या हौसेखातर नव्हे. धुरातील विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण साधारण १४.७ भागांस एक या रेषेच्या अगदी जवळ राहिले तरच. ठरावीक छिद्रांच्या कार्बोरेटरला हे बदलत्या वेगात साधत नाही. त्यासाठी धुराडीत प्राणवायू मोजणारा सेन्सर हवा आणि क्षणोक्षणी इंधन कमी-जास्त करणारा संगणकही. एप्रिल २००० मध्ये देशभर युरोपीय धर्तीचे पहिले प्रदूषण मानक लागू झाले आणि त्याच सुमारास मारुती ८०० लाही इंधन-इंजेक्शन मिळाले. पुढे स्वस्ताईचा ध्यास घेऊन २००८ मध्ये अवतरलेल्या टाटा नॅनोने चाकांच्या नटांतही काटकसर केली, चारऐवजी तीन बसवले. पण इंजिनावरचा संगणक तिलाही टाळता आला नाही.

डिझेलच्या गाड्यांत हे अंतर अधिक ठळक आहे. जुन्या जीपचा इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक. थोडे भेसळीचे डिझेलही तो कुरकुरत पचवी. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरची छिद्रे केसाहून बारीक असतात. त्यात पाण्याचा अंश किंवा रॉकेल गेले की खर्च हजारांत नव्हे, दहा हजारांत मोजावा लागतो.

या बदलाचा वेग प्रदेशाप्रदेशाला सारखा नव्हता. २०१० मध्ये भारत स्टेज-४ मानक राजधानी परिसराबरोबर ज्या १३ शहरांत आले, त्यांत शेजारचे सोलापूर होते. लातूर आणि नांदेड नव्हते. सर्व देशाला ते एप्रिल २०१७ मध्ये लागू झाले, आणि मधली पायरी गाळून अवघ्या तीन वर्षांत, एप्रिल २०२० मध्ये, भारत स्टेज-६ आले. इंधनातील गंधक ५० वरून १० पीपीएमवर उतरले. हवेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु एका पिढीची यंत्रे हाताखालून जाण्याआधीच दुसरी येऊन उभी राहिली, आणि कारागिराला शिकण्यासाठी मिळालेला काळ इतकाच होता.

आता डिझेल गाडीच्या धुराडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते. लातूरच्या गंजगोलाईभोवती दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. गाळणी तुंबते, दिवा लागतो, शेवटी इंजिन स्वतःहून वेग आवरते. उपाय खरे तर सोपा आहे: महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटांची फेरी, किंवा स्कॅनर जोडून सफाईची आज्ञा. पण मालकाला पहिले कोणी सांगत नाही, आणि मिस्त्रीकडे दुसरे करणारा स्कॅनर असेलच असे नाही.

त्यातच जिल्ह्याच्या गावांत गाडी पुष्कळदा सेकंड हँड येते. मोठ्या शहरात पाच-सात वर्षे वापरून, वॉरंटी संपवून ती येथे पोहोचते. नवेपण तिकडे उपभोगले जाते. सेन्सर, इंजेक्टर, गाळणी यांच्या आजारपणाचे दिवस इकडे सुरू होतात. नवी गाळणी ज्याच्या आवाक्यात नाही, असा मालक मग ती कापून काढायला सांगतो आणि संगणकातली तिची नोंद पुसणारेही भेटतात. गाडी पळू लागते. ज्या धुरासाठी एवढे सगळे केले तो पुन्हा रस्त्यावर येतो.

गुंतागुंत आणि अडवणूक या दोन गोष्टींची येथे गल्लत होते. यंत्र गुंतागुंतीचे असणे हा एक भाग. त्याची माहिती, अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने कंपनीच्या दाराआड राहणे हा दुसरा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो या दुसऱ्या भागासाठी. स्वतंत्र गॅरेजांना भाग व निदानाची साधने न देऊन कंपन्यांनी बाजार अडवला, असा निष्कर्ष आयोगाने काढला. अप्रशिक्षित हातांनी सुरक्षेला धोका पोहोचेल, बौद्धिक संपदेचे काय, असे कंपन्यांचे म्हणणे होते. त्यांनी निर्णयाला आव्हान दिले आणि प्रकरण अपिलांत गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने मात्र २०१२ मध्येच जनमत घेऊन मोटारदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करणे बंधनकारक केले होते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विचारार्थ क्षेत्रांत वाहनेही होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्टल उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

अप्रशिक्षित हातांचा मुद्दा अगदीच फोल नाही. एअरबॅगच्या तारांशी अर्धवट ज्ञानाने खेळ होता कामा नये. परंतु त्यावर उत्तर प्रशिक्षण हे आहे, कुलूप नव्हे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. चाळिशीतल्या, दुकान उघडे ठेवून बसलेल्या मिस्त्रीसाठी संध्याकाळचा दोन महिन्यांचा वर्ग अधिक उपयोगाचा. नांदेडात १९८१ पासून विष्णुपुरीला अभियांत्रिकी संस्था उभी आहे, लातुरात तंत्रनिकेतन आहे. असे वर्ग चालवण्यासाठी इमारती नव्याने बांधाव्या लागणार नाहीत.

हे लवकर व्हावे याचे एक ताजे कारण लातूरच्याच उसात आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण साखर पट्ट्याला हवेहवेसे आहे, आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या मिश्रणाला चालतील अशा साहित्याच्या घडवल्या जातात. जुन्यांचे तसे नाही. चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद होते; काही जुन्या वाहनांत रबरी नळ्या व गॅस्केट बदलावी लागतील, हे सरकारनेही मान्य केले. कोणत्या मॉडेलची कोणती नळी, कोणत्या साहित्याची, किती किलोमीटरनंतर, ही यादी कंपन्यांपाशी असते. नळी बदलण्याचे काम मात्र चाकूर-अहमदपूरच्या गॅरेजात होणार आहे.