सातबाऱ्याला हरकत घेता येते, फेसबुकला का नाही?

गेल्या आठवड्यात आमच्या तीन ग्रुपवर तोच जुना फॉरवर्ड पुन्हा आला. 'माझे फोटो, पोस्ट, माहिती वापरायची परवानगी मी फेसबुकला देत नाही. हे कॉपी करून आपल्या वॉलवर टाका.' आधी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी टाकला, मागोमाग एका वकीलसाहेबांनी.

सांगूनच टाकतो, त्याचा काडीचा उपयोग नाही. खातं उघडताना आपण 'मान्य आहे' दाबलं तेव्हाच करार झाला. वॉलवर चार ओळी चिकटवून तो मोडत नाही.

पण मी त्या लोकांना हसणार नाही. त्यांचा रस्ता चुकलाय, मागणी बरोबर आहे. त्यांना हरकत नोंदवायची आहे आणि ती नोंदवायला जागाच नाहीये.

आपल्याकडे सातबाऱ्यावर फेरफार करायचा तरी तलाठी नोटीस काढतो. हरकतीला पंधरा दिवस देतो. तलाठी ऑफिसबद्दल आपण काय काय बोलतो ते सगळ्यांना माहितीये, पण नोटीस निघते. इथे आपली पंधरा-पंधरा वर्षांची पोस्ट, फोटो, कमेंट एआय शिकवायला वापरली जातायत आणि नोटीस कुणाच्या हातात पडली? मला दाखवा.

हा अंदाज नाही. प्रौढांच्या पब्लिक पोस्ट आणि कमेंट आपण एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरतो, असं मेटा कंपनी उघड सांगते. मित्र-नातेवाइकांशी झालेले खाजगी मेसेज वापरत नाही, असंही म्हणते. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीपुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांना थेट विचारलं गेलं. २००७ पासूनच्या ज्या पोस्ट पब्लिक ठेवल्या गेल्या त्या सगळ्या घेतल्यात का? उत्तर होकारार्थी आलं. आणि आईबापांनी आपल्या पब्लिक खात्यावर टाकलेले लेकरांचे फोटो? तेही. म्हणजे बारशाचा फोटो आपण कौतुकाने टाकला, आणि बाळाला बोलता येण्याआधीच त्याचा चेहरा कुणाच्या तरी कच्च्या मालात जमा.

आता हे बघा. युरोपात नियामकांनी डोळे वटारले, तर जून २०२४ मध्ये कंपनीने काम थांबवलं. मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू केलं ते लोकांना आधी कळवून आणि हरकतीचा अर्ज देऊन. ब्राझीलच्या डेटा प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये थेट बंदी घातली, मोडली तर दिवसाला ५० हजार रियाल दंड. दोन महिन्यांच्या आत कंपनी लोकांना कळवायला आणि हरकत घेऊ द्यायला तयार झाली, मग बंदी उठली. 'एक्स'ने ग्रोकसाठी पोस्ट वापरायचं बटण आधीच चालू करून ठेवलं होतं. आयर्लंडचा नियामक कोर्टात गेल्यावर युरोपीय लोकांचा डेटा वापरणं त्यांनी थांबवलं. सांगायचा मुद्दा, हे जमतं. तंत्रज्ञानाची अडचण नाही. जिथलं सरकार मागतं तिथे अर्ज मिळतो.

मग आपलं सरकार?

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डेटा संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे आणखी १८ महिन्यांची सवलत. त्यात कलम ३ वाचा. माणसाने स्वतःची माहिती स्वतः जाहीर केली असेल तर तिला हा कायदाच लागू नाही. उदाहरण दिलंय तेही मत मांडताना सोशल मीडियावर माहिती टाकणाऱ्या व्यक्तीचं! म्हणजे तुमचं-माझंच.

गंमत म्हणजे याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की अर्ज नाकारणं आता सोपं झालं. त्या बदलाला मात्र १८ महिने थांबावं लागलं नाही, तो लगेच लागू. कंपनीला मुदत, आणि नगरपालिकेच्या टेंडरचे कागद मागणाऱ्याला दार बंद. खाजगीपणा नेमका कुणाचा जपला जातोय, तुम्हीच ठरवा.

कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच, 'दादा, पब्लिकच ठेवलं होतं ना, मग रडता कशाला?' पारावर मी मोठ्याने बोलतो, येणारा-जाणारा ऐकतो, माझी हरकत नाही. ऐकावं म्हणूनच बोलतो. पण रोज कुणी पारामागे बसून माझा शब्द न् शब्द उतरवून घेत असेल, त्यावर धंदा उभा करत असेल, तर मला विचारायला नको? बांधावरून जायला वाट दिली म्हणजे पीक कापायची परवानगी दिली असं होत नाही.

आणि आता माझी चूक सांगतो. एप्रिल-मे २०२१. ऑक्सिजन, बेड, प्लाझ्मा. रात्री दोन-तीनला फोन यायचे आणि मी धडाधड पोस्ट टाकायचो : पेशंटचं नाव, वय, रक्तगट, नातेवाइकाचा नंबर. सगळं पब्लिक, जास्त लोकांपर्यंत पोचावं म्हणून. त्यातले काही वाचले, काही गेले. पोस्ट तशाच राहिल्या. मागच्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. 'दादा, आमच्या बाबांची ती पोस्ट अजून दिसतेय. काढाल का?' त्या संध्याकाळी बसून चाळीसच्या वर पोस्ट डिलीट केल्या. वॉलवरून गेल्या. पण ज्या मॉडेलला त्या आधीच शिकवल्या गेल्या असतील, त्यातून वेचून काढणं माझ्या हातात नाही.

त्या बाबांनी माहिती स्वतः जाहीर केली होती का? नाही, मी केली. बारशाच्या बाळाने केली का? कलम ३ ची सूट 'स्वतः' जाहीर केलेल्या माहितीला आहे. मग या दुसऱ्यांच्या माहितीचं काय, हे दिल्लीत कुणीतरी विचारायला हवं.

म्हणून मागण्या तीनच. भारतातल्या वापरकर्त्यांना हरकतीचा अर्ज द्या, मराठीत, सरळ भाषेत. बटण मुळात बंद ठेवा, ज्याला द्यायचंय तो चालू करेल. आणि लहान मुलांचे फोटो वगळा, पोस्ट कुणीही टाकलेली असो. आपल्या खासदारांना हे तीन मुद्दे मी लेखी देणार आहे. काय उत्तर येतं ते इथेच टाकेन. नाही आलं, तर तेही टाकेन.

तोवर एक करा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या पोस्ट एकदम 'फ्रेंड्स'पुरत्या करता येतात, त्या करा. एक्स आणि लिंक्डइनवर एआयचं बटण आहे, ते शोधून बंद करा. झालेलं परत येणार नाही, पुढचं तरी थांबेल. आणि तो फॉरवर्ड टाकण्याऐवजी खासदाराला दोन ओळी लिहा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा. फक्त कमेंटमध्ये कुणाचा नंबर टाकू नका, मी आता डिलीट करणार.