रसायनातील मराठी आणि मराठीचे अध्यापक

मराठीत विज्ञान शिकवता येत नाही, कारण तिच्या पारिभाषिक संज्ञा बोजड आहेत, हे विधान अध्यापककक्षांतून इतक्या सहजपणे केले जाते की त्याचा पुरावा मागण्याचे भानही कोणाला उरलेले नाही. खेद याचा, की हे विधान करणाऱ्यांत मराठीचे अध्यापक मागे नाहीत. देशीवादावर चर्चासत्रे भरवणारे आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर पेढे वाटणारे आपण दहावीच्या विज्ञानाचे पुस्तक कधी उघडून पाहत नाही. आमच्या मते ते पुस्तक हा आपलाच विषय आहे.

प्रथम संज्ञांविषयी. ‘विद्युतऋणता’ या शब्दाची टिंगल होते. परंतु ‘इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी’ हा शब्द चिमूरच्या किंवा धानोऱ्याच्या मुलाला सोपा कसा? पहिल्या शब्दात निदान ‘ऋण’ आहे, आणि ऋण संख्यांची उदाहरणे त्याने गणितात सोडवलेली असतात. ‘व्हॅलन्सी’च्या मुळाशी असलेला लॅटिन ‘सामर्थ्य’ हा अर्थ इंग्रजीभाषक मुलालाही सहसा ठाऊक नसतो. ‘संयुजा’त मात्र योग, संयोग, संयुक्त या शब्दांचा धातू स्पष्ट दिसतो. दोष असेल तर तो शब्द उलगडून न दाखवणाऱ्याचा. आणि शब्द उलगडणे हे कोणाचे काम, हे मराठीत एम.ए. केलेल्यांना सांगावे लागावे काय?

खरी हानी वाक्यात झाली आहे. आवर्तसारणीतील एका आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होते : लिथियमची 152 पिकोमीटर, तर ऑक्सिजनची अवघी 66. इलेक्ट्रॉन वाढत जातात, तरीही अणू लहान होत जातो. या ‘तरीही’मध्ये सगळा धडा आहे. नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, केंद्रकावरील धनप्रभार मात्र वाढतो. म्हणून ओढ वाढते आणि अणू आक्रसतो. पाठ्यपुस्तक हे कारण देते. मार्गदर्शिका आणि शिकवणीच्या टिपणांतून मात्र ते गळते व उरतो तो एक बाण : डावीकडून उजवीकडे कमी, वरून खाली जास्त. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाचे उत्तरही मग पाठांतराचा विषय होते. ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ ही अव्यये गेली की भाषेतून विचारच जातो. निबंधात अशी कार्यकारणहीन वाक्ये आली तर आपण लाल शाईने खुणा करतो; रसायनात ती चालवून घेतो.

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात मर्यादेहून अधिक फ्लोराइड आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर डाग पडतात, पुढे हाडे व सांधे ताठरतात. का? फ्लोरिन हे आपल्या आवर्तात हॅलोजनांच्या गणाच्या माथ्यावर बसलेले, लहान आणि सर्वाधिक विद्युतऋण मूलद्रव्य. एक इलेक्ट्रॉन घेऊन त्याचा आयन होतो. हा इवलासा आयन हाडातील खनिजात हायड्रॉक्साइडची जागा घेतो आणि कॅल्शिअमशी घट्ट बांधला जातो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, आयन मरत नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराइडचे प्रमाण वाढते. ‘आयनिक बंध’ ज्याला समजला, तो ही गोष्ट घरी सांगू शकतो. ज्याने बाण पाठ केला, तो परीक्षा उत्तीर्ण होतो आणि घरी तेच पाणी उकळून पितो.

त्यात भाषांची उतरंड आहे. भामरागड-एटापल्लीकडील अनेक मुलांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी. पूर्वेकडील पट्ट्यात बोलली जाते ती झाडीबोली. त्यांच्यासाठी पुस्तकी मराठी हीच एक चढण असते. ती चढून दहावी होते न होते, तोच अकरावीची विज्ञानशाखा इंग्रजीतून सुरू होते, आणि ‘सहसंयुज बंध’ एका रात्रीत ‘कोव्हॅलंट बाँड’ होतो. या दोन शब्दांमध्ये पूल बांधण्याची तरतूद कोणत्याही वेळापत्रकात नाही. गळालेल्या मुलाला ‘विज्ञान झेपले नाही’ असा शेरा मिळतो; न झेपलेली भाषा असते.

साहित्याच्या अध्यापकांनी रसायनात लुडबुड करू नये, असा आक्षेप येईल. आम्ही अणूविषयी निर्णय देत नाही. वाक्याविषयी देतो, आणि तो आमचा अधिकार आहे. गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील मराठी विभागांना हे आजही करता येईल : रसायनाच्या सहकाऱ्यांसोबत बसून दहावी-अकरावीच्या संज्ञांची द्वैभाषिक पुस्तिका काढावी, तीत प्रत्येक संज्ञेची फोड द्यावी, प्रत्येक प्रवृत्तीमागचे कारण पूर्ण वाक्यात लिहावे, आणि शक्य तेथे माडिया-गोंडी जाणणाऱ्या शिक्षकांकडून ते तपासून घ्यावे. याला अनुदान लागत नाही, चर्चासत्रही लागत नाही. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिला निदान एवढे काम द्यावे.