पांदणीतली सायकल

3 जून 2022 च्या सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी अमरावती–अकोला महामार्गावर डांबर ओतायला सुरुवात झाली, ती 7 जूनच्या संध्याकाळी पाचला थांबली. 105 तास 33 मिनिटांत लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा एकपदरी पट्टा सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात वऱ्हाडाची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरच्या किंचित वरचा. या रस्त्याच्या खड्ड्यांनी ज्यांची हाडं वर्षानुवर्षं खिळखिळी केली, त्यांनी पेढे वाटले असतील तर त्यात वावगं काही नाही. गंमत एवढीच की 3 जून हा जागतिक सायकल दिनही असतो. आणि त्या विक्रमी रस्त्यावर आज सायकल घालणं म्हणजे ट्रकवाल्याच्या भलेपणावर जीव टांगून ठेवणं आहे.

सायकली मात्र वाढल्या आहेत. अमरावतीत आणि अकोल्यात पहाटे पाचला हेल्मेट घातलेली, लुकलुकता दिवा लावलेली माणसं दिसतात. रुंद टायर, पुढे झटके सोसणारा फोर्क, भरपूर गिअर, अशी डोंगरासाठी घडवलेली सायकल आपल्याकडे डोंगर नसलेल्या गावांतही आता चांगलीच खपते. तिला न्यायचं कुठे, हा प्रश्न. एक तर महामार्गाची कड, नाही तर परतवाड्याहून चिखलदरा. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवरचं ते गाव सायकलनं गाठणं ही मर्दुमकी खरीच. पण ‘चिखलदरा मारला’ असं सांगताना ज्याची त्याची नजर मोबाइलमधल्या आकड्यांवर असते. वाटेत साग दिसला की पळस, हे विचारू नये.

मेळघाटाच्या पायथ्याशी पसरलेला जो पयनघाट, म्हणजे पूर्णेचं सपाट काळं खोरं, तो या मंडळींच्या हिशेबातच नाही. खरं तर रमतगमत, पाय टेकत, कुणाशी दोन शब्द बोलत सायकल चालवावी तर इथेच. मार्गशीर्षातल्या सकाळी दर्यापूरकडे किंवा अचलपूर–चांदूर बाजारच्या संत्राबागांमधून निघून बघावं. तुरी शेंगांवर आलेल्या, पऱ्हाटी पांढरी झालेली, हरभऱ्यावर दव. चढ असला तर नाल्यातून बाहेर पडण्यापुरता. धुऱ्यावर उभा असलेला माणूस आपल्याकडे बघतो आणि काळजीनं विचारतो, ‘काहून जी, पेट्रोल सरलं काय?’ शिकलेला, चष्मा लावलेला माणूस हौसेनं सायकल हाणतो हे त्याला पटत नाही. पण शेंगा मूठभर देतो. लासूरचं काळ्या दगडातलं आनंदेश्वराचं देऊळ असं पोचलं तर वेगळंच दिसतं. गाडीतून उतरून दहा मिनिटांत ‘बघून’ होणारं ते देऊळ, सायकलवाल्याला तासभर सोडत नाही. पाय दुखत असतात, हेही एक कारण.

इंग्लंडातल्या मवाळ टेकड्यांमधून अशी निवांत सायकल फिरवणाऱ्यांचं आपल्याला कौतुक वाटतं. हिरवळ, मेंढ्या, कुंपणाचं फाटक उघडून पुन्हा लावून जाणारे सायकलस्वार. हवेला आणि हिरवळीला श्रेय देऊन आपण मोकळे होतो. श्रेय आहे कायद्याचं. 1949 च्या कायद्यानं तिथल्या प्रत्येक परगण्याला सार्वजनिक वहिवाटीच्या वाटा नकाशावर पक्क्या करायला लावल्या. 1968 च्या कायद्यानं घोडेस्वारांच्या वाटांवर सायकलीला मुभा दिली. अट एकच, पायी माणूस आणि घोडा आधी, सायकल नंतर. सायकलसाठी वाट गुळगुळीत ठेवण्याची जबाबदारी सरकारनं अंगावर घेतली नाही. जशी असेल तशी वाट, तिच्यावरून जाण्याचा हक्क तेवढा पक्का. कॅलिफोर्नियात डोंगरी सायकल जन्मली ती त्यानंतर, सत्तरच्या दशकात. तिथे वाट आधी होती, सायकल मागाहून आली. आपल्याकडे सायकल आली तेव्हा वाट कुणीतरी नांगरून टाकली होती.

कारण घोडवाट नसली तरी पांदण आपल्याकडेही होतीच. सरकारी कागदात तिला ‘पाणंद’ म्हणतात, वऱ्हाडात पांदण. गावापासून वावरापर्यंत, या शिवारातून त्या शिवारात जाणारी बैलबंडीची वाट. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मधे चाकोऱ्या. गावच्या नकाशात ती अजून आहे. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेनं दाखवलेला, पायवाट एकेरी. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली. सायकलचं हॅण्डल अडीच फुटांचं. म्हणजे कागदावरच्या पायवाटेनंही दोन सायकली गप्पा मारत शेजारी-शेजारी जातील. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे शेजारी दरवर्षी नांगराचा एकेक तास आत सरकतात. वीस वर्षांत बंडी बंद होते, मग ट्रॅक्टर अडतो, मग सोयाबीनचं मळणीयंत्र वावरात पोचत नाही आणि गंजी डोक्यावरून आणावी लागते. उरलेली पांदण पावसाळ्यात नाला होते. मग भाऊबंदकी, मग तहसील.

कायदा इथेही तोकडा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट मागता येते. अडवलेली वाट मोकळी करायला मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, तो तर 1906 चा. योजनाही आहेत. 2018 मध्ये पालकमंत्र्यांच्या नावानं पाणंद रस्ते योजना झाली, 2021 मध्ये मातोश्रींच्या नावानं. 75 किलोमीटर डांबराला पाच दिवसही लागले नाहीत. दोन किलोमीटरच्या पांदणीच्या तारखा मात्र बापाकडून मुलाकडे वारसानं येतात. डांबराला यंत्र आणि माणसं लागतात, ती पैशानं मिळतात. पांदणीला मोजणीच्या दिवशी तलाठी, मोजणीदार, पोलीस आणि दोन्ही धुऱ्यांवरचे भाऊ एका वेळी हजर लागतात. हा योग ग्रहणापेक्षा दुर्मिळ.

म्हणून सायकलवाल्या मंडळींना एक सुचवायचं आहे. शहरात वेगळी सायकलपट्टी मागून ती पार्किंगला दिली जाण्याची वाट बघण्यापेक्षा, पांदणी मोकळ्या करण्याच्या मागणीला आपलं वजन लावा. शेतकरी हे गाऱ्हाणं घेऊन एकेकटा जातो आणि एकेकटा परततो. त्याच्यासोबत शहरातले डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले उभे राहिले तर साहेबांना खुर्ची पुढे करावी लागते. पांदण मोकळी झाली तर पहिला फायदा त्याचा. दुसरा आठवी-नववीतल्या त्या मुलीचा, जिची शाळा शेजारच्या गावात आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, पण जवळची वाट बंद म्हणून डांबरी रस्त्यानं ट्रकच्या बाजूनं वळसा घ्यावा लागला, तर सायकल देऊन आपण तिला दिलं काय? हौशी सायकलस्वाराचा नंबर तिसरा. त्यानं तो आनंदानं घ्यावा.

एक भीती आहे. पांदण मोकळी झाली की तिच्यावर लगेच सिमेंट ओतलं जाईल. तसं नको, मुरूम पुरे, बाजूनं नाली पुरे.

अडचणी आहेतच, लपवून काय उपयोग? पावसाळ्याचे चार महिने इथे सायकल चालत नाही. काळी माती टायरला धरली की चाक आणि ब्रेकच्या मधे इतका गारा बसतो की सायकल खांद्यावर घेऊन घरी यावं लागतं, आणि गाऱ्यासकट तिचं वजन दुप्पट झालेलं असतं. हिवाळ्यात सराटे आणि बाभळीचा काटा. पंक्चरचं सामान नसलेल्यानं पांदणीत शिरूच नये. रोही आणि डुकरांपासून पीक राखायला तारेत करंट सोडलेला असतो, त्या तारेला हात लावू नये. मार्चनंतर ऊन. म्हणजे वर्षातले सहाएक महिने उरले. इंग्लंडातल्या पावसाचा हिशेब केला तर त्यांच्याही पदरात फार जास्त पडत नसतील.

इंग्लंडचंच उदाहरण घेऊन कुणी म्हणेल की ब्रिस्टल ते बाथ या बंद पडलेल्या लोहमार्गावर त्यांनी 1979 ते 1986 दरम्यान एकवीस किलोमीटरची सायकलवाट केली, मग आपल्या शकुंतला रेल्वेचे रूळ रिकामे पडलेत, तिथे करा. माफ करा. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही गाडी बंद पडली असली तरी लोकांनी तिची आशा सोडलेली नाही. तिच्या जागेवर सायकल फिरवणं म्हणजे आजारी माणसाच्या खाटेवर जाऊन बसणं. पांदणींवर निदान असा कुणाचा जीव अडकलेला नाही. अडकला असेल तर शेजाऱ्याचा एक तास.

येत्या सायकल दिनाला जिल्हा कचेरीपासून हिरव्या झेंडीनं निघणारी फेरी यंदा एखाद्या मोकळ्या केलेल्या पांदणीतून न्यावी, असं म्हणणार होतो. पण 3 जूनला नको. रोहिणीचा एखादा जोरदार पाऊस आदल्या रात्री पडला तर साहेबांची सायकल तिथेच फसेल आणि काढायला बंडी बोलवावी लागेल. मार्गशीर्षात या. शेंगा असतात.