हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकत नाही!

काही समजुतींना पुरावा लागतच नाही. आजीने सांगितले, आपण मान्य केले, झाले! त्यातलीच ही एक : माणसाचा हात लागला की आई पिल्लाला परत घेत नाही. ऐकायला निरुपद्रवी, पण या एका वाक्याने आई जिवंत असलेली कितीतरी पिल्ले पोरकी केली आहेत. कुणीतरी पिल्लू उचलतो आणि मग 'आता कसली घेते आई!' म्हणून ते थेट घरी येते. बुटांचे खोके, कापूस, ड्रॉपरने गाईचे दूध, व्हॉट्सअॅपवर फोटो, वाहवा. तीन दिवसांनी परसात खड्डा. त्याचा फोटो मात्र कुणी टाकत नाही.

या समजुतीचे उत्तर जुन्नरच्या उसाने कधीच देऊन ठेवले आहे. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो, म्हणून मादी बिबट्या त्यातच विते. तोडणीच्या वेळी कोयता घेतलेल्या मजुरांसमोर डोळेही नीट न उघडलेले बछडे येतात. आई जवळपासच असते, माणसांच्या गलक्याने तेवढी बाजूला झालेली. वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर येतात, बछडे हातात घेऊन तपासतात, ओळखीसाठी कातडीखाली चिपही बसवतात. संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जातात. रात्री आई येते, एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. एकदा नाही, वर्षानुवर्षे असे घडते आहे. इतके हात लागूनही! आणि उलट, बछडे गेले तर पिसाळलेली मादी गावाभोवती फिरत राहते, म्हणजे भूतदयेचे बिल शेजारच्याने भरायचे.

बिबट्याचे राहू द्या, आपल्या कुळागरातले बघा. अंगावर पिसे आलेले, जमिनीवर टुणटुण उडणारे बुलबुलाचे पिल्लू पडलेले नसते, ते उडायला शिकत असते. आईबाप वरच्या फांदीवरून भरवत असतात. पिसे नसलेले असेल तर उचलून घरट्यात ठेवा, बोटांच्या वासाने पक्षी घरटे सोडत नाही. चितळाचे पाडस गवतात एकटे, निपचित बसलेले दिसले तर तिथून निघा. आईनेच त्याला लपवून ठेवलेले असते आणि तुम्ही हलत नाही तोवर ती येणार नाही.

'मग काय जखमी प्राणी मरू द्यायचा?' असे विचारणारे भेटतातच. कोण म्हणतो तसे? रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, आई मेलेली दिसत असेल, तर मदत हवीच. पण ती मदत म्हणजे भोके पाडलेले खोके, अंधार, शांतता आणि वनखात्याला फोन. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. माकड, मुंगूस, साप, बिबट्या यांना तर हातच लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे ३९ वे कलमही ऐका : वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता, ताब्यात आला तर ४८ तासांत कळवणे बंधनकारक. पिल्लू सत्तरीच्या कुळागरात सापडो की पांढुर्ण्याजवळच्या तिगावात संत्र्याच्या बागेत, कायदा एकच.

त्याच मध्य प्रदेशात खऱ्या पोरक्या पिल्लांचे काय करतात तेही बघण्यासारखे आहे. आई मेलेल्या दोन वाघिणी कान्हात, माणसांचा संपर्क शक्य तितका टाळून, शिकार करायला शिकवत वाढवल्या आणि २०११ मध्ये पन्नाच्या जंगलात सोडल्या. २००९ पर्यंत तिथले सगळे वाघ संपले होते. त्या दोघी तिथे रुजल्या. यामागे वर्षांची मेहनत होती, कुंपण घातलेले जंगल होते, डॉक्टर होते. तुमच्या-आमच्या बाल्कनीत यातले काय आहे?

तेव्हा पिल्लू दिसले तर मागे सरा, कुत्री बांधा, पोरांना हाकला, फोन लावा. फोटो काढायचाच असेल तर लांबून काढा. वनखात्याच्या माणसाला जागा दाखवायला तो उपयोगी पडेल.