छताला दिवा लावण्याआधी छताला विचारा

ठाकुर्लीचे नाव एकेकाळी विजेशी जोडलेले होते. रेल्वेगाड्यांना वीज पुरवणारे चोळा वीजघर इथलेच. आज त्याच ठाकुर्लीत इमारतीला इमारत लागून असल्याने अनेक घरांत भरदुपारीही दिवा लावावा लागतो. एकाच खोलीत मुलांचा अभ्यास, दादीची तिलावत आणि अम्मीचे शिवणकाम चालते. भिंतीवर एकच बल्ब असला, की कुणाच्या तरी हाताची सावली कामावर पडतेच.

लहान जागेतून आलेला प्रकाश गडद सावली पाडतो. तोच प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून आला तर सावली फिकी होते आणि डोळ्यांना चमक टोचत नाही. म्हणून छतावर एलईडीचे मोठे पॅनेल बरे. थोडे हत्यार चालवता येणाऱ्याला ते घरीही बनवता येते.

10 बाय 12 फुटांच्या खोलीसाठी 2 बाय 4 फुटांचे पॅनेल धरा. 12 व्होल्टची, मीटरला 60 एलईडी असलेली पट्टी घ्या. समजा पाकिटावर मीटरला 4.8 वॅट लिहिले आहे. प्रत्येकी 1.15 मीटरच्या 7 ओळी केल्या, तर सुमारे 8 मीटर पट्टी आणि 39 वॅट होतात. पट्टी फक्त कापण्याच्या खुणेवरच कापावी. ओळी एकामागून एक जोडू नयेत, नाहीतर शेवटची ओळ मंद दिसते. प्रत्येक ओळीला वीज वेगळी द्यावी.

39 वॅटला 12 व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर लागतात. तरीही 5 अँपिअरचा एसएमपीएस घ्यावा, म्हणजे तो कायम पूर्ण ताकदीने राबत नाही. तो पेटीच्या बाहेर, हवा खेळेल अशा जागी बसवावा.

एलईडीचा शत्रू उष्णता. म्हणून पट्टी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवा. थर्माकोल किंवा पुठ्ठा नको. समोर दुधी ॲक्रिलिकची शीट लावा. दोन ओळींत जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर, म्हणजे साडेतीन इंचांवर शीट ठेवली, की ठिपके किंवा पट्टे दिसत नाहीत. कापड किंवा कागद लावू नये. अभ्यास आणि शिवणकामासाठी 4000 केल्विनचा प्रकाश चांगला. 6500 चा निळसर पांढरा असतो.

वर चढवण्याआधी पॅनेल जमिनीवरच दोन-तीन तास पेटते ठेवा. मागच्या पत्र्यावर हात ठेववत नसेल, तर वॅट कमी करा.

आता मुख्य गोष्ट. पत्रा, शीट आणि चौकट मिळून वजन 5-6 किलोच्या घरात जाते. हे वजन सोसेल का, हे छतालाच विचारायला हवे. जुलै 2015 मध्ये ठाकुर्लीत जुनी इमारत कोसळून माणसे दगावली. छत कमजोर झाल्याच्या खुणा बहुतेक वेळा दिसतात: पावसाळ्यात ओल, गंजाचे तांबूस डाग, फुगलेला गिलावा, ठोकल्यावर पोकळ आवाज. यांपैकी काहीही दिसले तर तिथे ड्रिल लावू नका, आधी सोसायटीला कळवा. गंजलेल्या सळ्यांचे छत रंगाने झाकून दिवा टांगणे म्हणजे संकटावर चादर घालणे.

छत धड असेल, तर चार अँकर बोल्ट काँक्रीटमध्येच बसवा. जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर भार नको. शिवाय एक स्टीलची तार वेगळी बांधा, म्हणजे बोल्ट निसटला तरी पॅनेल खाली येणार नाही. पंख्याच्या वर पॅनेल लावू नका, पात्यांच्या सावल्या भिरभिरतात.

पट्टी 12 व्होल्टची असली, तरी एसएमपीएसमध्ये येणारी वीज 230 व्होल्टचीच असते. ती जोडणी आणि अर्थिंग वायरमनकडूनच करून घ्या.

छतात दम नसेल, तर हेच पॅनेल भक्कम कपाटावर, तोंड छताकडे करून ठेवा. पांढऱ्या छतावरून परतणारा प्रकाश आणखी मऊ असतो आणि डोक्यावर काही टांगलेलेही राहत नाही.