आधी पिशव्या मोजा

मा. अध्यक्ष आणि सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई



23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड. तेव्हापासून कुठे धाड पडली, किती माल जप्त झाला, हे अधूनमधून छापून येतं. दादर-वर्सोव्याच्या वाळूत पिशव्या कमी झाल्या का, हे त्यावरून कळत नाही.

किनाऱ्यावरचा कचरा आपण टनांत मोजतो. पिशवी जेमतेम काही ग्रॅमची. ओली वाळू, निर्माल्य आणि चिंध्यांच्या वजनात ती दिसणार कशी? पण गटाराच्या जाळीला चिकटून पाणी अडवते ती हीच, आणि डोल जाळ्यात बोंबलांबरोबर येते तीही हीच. मग मासळी निवडण्याआधी कोळणींना प्लॅस्टिक निवडत बसावं लागतं.

अमेरिकेत स्वयंसेवक किनाऱ्यावरचा कचरा नगावर मोजतात. तशा 45,067 सफाई-मोहिमांच्या नोंदी ॲना पॅप आणि किंबर्ली ओरेमस यांनी तपासल्या. निष्कर्ष 2025 मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. जिथे पिशव्यांवर बंदी किंवा शुल्क होतं, तिथे कचऱ्यातला पिशव्यांचा वाटा इतर भागांच्या तुलनेत 25 ते 47 टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे ‘बंदीने काय होतंय’ म्हणणाऱ्यांचं खरं नाही. पण एकूण वाटा सगळीकडेच वाढत होता, नियम असलेल्या ठिकाणी फक्त सावकाश. आणि सर्वांत लंगडे ठरले ते केवळ पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम.

इथेच आपलं दुखणं आहे. राज्याची अधिसूचना पिशवीची जाडी पाहत नाही. केंद्राचा नियम मात्र 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन किंवा त्याहून जाड पिशवी चालवून घेतो. हातगाडीवरच्या भाजीवालीने यातलं कोणतं मानायचं? मायक्रॉन मोजायचं यंत्र तिच्याकडे नाही आणि दंड करायला येणाऱ्याच्या खिशातही बहुधा नसतंच. शिवाय त्याच मापाच्या 50 मायक्रॉनच्या पिशवीपेक्षा 120 ची पिशवी दुपटीहून जास्त प्लॅस्टिक खाते. ती पुन्हा वापरली गेली नाही, तर आपण समुद्रात जास्तच माल पाठवला.

तेव्हा विनंती अशी. जुहू, दादर, वर्सोवा आणि कोकणातले दोन-तीन किनारे घ्या. प्रत्येक ठिकाणी ठरावीक पट्टा आखा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर एकदा त्यातल्या पिशव्या नगावर मोजा: पातळ किती, जाड किती, कापडासारख्या दिसणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनच्या किती. आकडे वाईट आले तरी संकेतस्थळावर टाका. माणसं शोधावी लागणार नाहीत. वर्सोव्यात 2015 पासून लोक स्वतःहून कचरा उचलत आले आहेत, त्यांच्या हाती फक्त एक वही द्यायची आहे. पातळ पिशव्याच जास्त निघाल्या तर हातगाड्या सोडून त्या बनवणाऱ्या कारखान्यांकडे आणि घाऊक विक्रेत्यांकडे वळा. जाड जास्त निघाल्या तर आकडे घेऊन दिल्लीला जा आणि 120 मायक्रॉनची सवलत काढून घ्यायला सांगा.

कळावे,
आपला,
एक मुंबईकर