मोहोरावरचा भाव

फ्रान्समधल्या बोर्दोची गंमत ऐकली आहे का? तिथली नामांकित वाइन बाटलीत भरण्याआधीच विकली जाते. शरदात द्राक्षं खुडतात, पुढच्या वसंतात जाणकार मंडळी पिंपातली कच्ची वाइन चाखतात, भाव फुटतो आणि गिऱ्हाईक पैसे मोजून मोकळं होतं. बाटली हातात पडायला आणखी दीड-दोन वर्षं! आपली प्रकाशनपूर्व सवलतच म्हणा ना. पण सवलतीत आधी पैसे देणाऱ्याला वस्तू स्वस्त मिळते. बोर्दोवाल्यांनी २०१० च्या वाइनला एवढा चढा भाव लावला की पुढे त्यातल्या कित्येक बाटल्या बाजारात त्याहून कमी किमतीत मिळू लागल्या. मग आगाऊ पैसे द्यायचे कशाला, हा वाद तिथे अजून चालू आहे. शातो लातूर (आपल्या लातूरचा काही संबंध नाही!) या बड्या घराण्याने तर २०१२ मध्ये जाहीर केलं की वाइन तयार झाल्यावरच विकू.

हे वाचलं आणि मला हापूस आठवला. कोकणात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, फक्त उलट्या बाजूने. मोहोर बघून अख्खी बाग ठेक्याने दिली जाते. नाहीतर फवारणी, राखण आणि पेट्यांच्या खर्चासाठी बागायतदार वाशीच्या दलालाकडून उचल घेतो आणि मग आंबा त्याच्याकडेच पाठवावा लागतो. ठेकेदाराची बाजूही खोटी नाही. अवकाळी पाऊस आला, तुडतुडे पडले, मोहोर काळा पडला, की नुकसान त्याचं. जोखीम घेणारा भाव पाडून मागणारच.

पण इथेच मला खरी गोम दिसते. आगाऊ भाव मालाच्या गुणावर ठरत नाही, कोणाला थांबता येतं यावर ठरतो. लातूरच्या तळघरात वाइन वर्षानुवर्षं मुरत पडू शकते. हापूस पिकायला लागला की आठवड्याभरात खपायला हवा, आणि औषधवाल्याची उधारी त्याच्याही आधी दारात उभी असते. एकीकडे विकणारा गिऱ्हाइकाला नाडतो, दुसरीकडे घेणारा बागायतदाराला.

आणि आपण पुणेकर? २०२३ मध्ये पुण्यातल्याच एका व्यापाऱ्याने हापूस हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. म्हणजे इथे आंबा खाऊन झाल्यावर पैसे फिटणार आणि तिकडे कोकणात तो धरायच्या आधीच विकलेला! मार्केट यार्डात कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या नावाने गळ्यात पडेल म्हणून आपण पेटी हुंगून बघतो, २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या गप्पा मारतो. मग फेब्रुवारीतच ओळखीच्या बागायतदाराला निम्मे पैसे का देऊ नयेत? भाव तेव्हाच ठरवावा, बाजारापेक्षा थोडा कमी. उरलेले पैसे आंबा बघून. पीक कमी आलं तर डझन कमी घ्यायचे, हेही आधीच बोलून ठेवायचं. पाच-सहा घरांनी मिळून हे केलं तरी त्याची एक फवारणी उचलीशिवाय निघेल.

अर्थात, हे ठरल्यावर एप्रिलमध्ये फोन करून पुन्हा घासाघीस करायची नाही. पुणेकरांना तेवढंच जरा जड जाईल!